नकाशातली हद्द आणि नदीची हद्द

महाराष्ट्राच्या पर्यटनात खानदेशाच्या वाट्याला वाटेतला मुलूख होणे आले आहे. मुंबईहून नागपूर-कोलकात्याकडे जाणाऱ्या गाड्या भुसावळला थांबतात, प्रवासी फलाटावर केळी घेतात आणि पुढे निघतात. अजिंठ्याचे पाहुणे जळगाव स्टेशनवर उतरतात, पण तासाभरात दक्षिणेची वाट धरतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे धुळे ओलांडलेले लोक पुष्कळ आणि पाहिलेले थोडे. जे कोणी थांबतात त्यांच्या हाती दोन वेगवेगळ्या याद्या पडतात. एका यादीत यावल, पाटणादेवी, अनेर ही जंगले असतात. दुसरीत गांधी तीर्थ, राजवाडे संशोधन मंडळ, एकवीरा देवी, अमळनेरची सखाराम महाराजांची समाधी ही शहरा-गावांतली ठिकाणे असतात. जंगल पाहणारा शहराकडे पाठ फिरवतो आणि शहर पाहणाऱ्याला जंगल दूर वाटते. या प्रकरणाचे म्हणणे असे की या दोन याद्या वेगळ्या ठेवल्यामुळेच खानदेश नीट कळत नाही. तापीच्या खोऱ्यात रानातला जीव आणि गावातला माणूस एकाच पाण्यावर वसले आहेत. अभयारण्याची हद्द वनखात्याच्या नकाशावर आहे. प्राणी-पक्ष्यांची खरी हद्द नदी, धरण, पाट आणि बागायत यांनी ठरवली आहे. हे मान्य केले तर काय पाहायचे हेही बदलते आणि काय जपायचे हेही.

सुरुवात भूगोलापासून करावी लागते. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला जातात. तापी मात्र पश्चिमेला वाहते. मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावून ती ७२४ किलोमीटरचा प्रवास करते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, यांच्यामधली ही खचदरी नदीने गाळाने भरून काढली. म्हणून पाऊस बेताचा असूनही जमीन काळी, खोल आणि कसदार आहे. जळगावला वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, धुळ्याला त्याहून कमी. एवढ्या पावसावर दाट जंगल उभे राहत नाही. सागवान, सालई, अंजन अशा पानगळीच्या झाडांचे कोरडे जंगल तेवढे तग धरते आणि फाल्गुन सरता सरता तेही उघडे पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास गेला की या भागात जगण्याचा सगळा प्रश्न पाणी आणि सावली या दोनच गोष्टींवर येऊन ठेपतो. वाघ, बिबट्या, रानडुक्कर, मोर किंवा माणूस यांच्यापैकी कोणीही या हिशेबातून सुटत नाही.

आता अभयारण्यांचे क्षेत्रफळ पाहू. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे. त्याच वर्षीचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आहे. पण ते अजिंठ्याच्या रांगेवर असून त्याचा चाळीसगाव तालुक्यातला भागच काय तो खानदेशाचा. मुक्ताईनगर तालुक्यातले मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र सुमारे १२२ चौरस किलोमीटरचे आहे. जळगाव आणि धुळे मिळून जवळपास १९ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश. गौताळा अख्खा हिशेबात धरला तरी संरक्षित जागा साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. खानदेशातले सगळे रान तेवढ्यात मावले असे समजायचे, तर उरलेल्या साडेशहाण्णव टक्क्यांत काहीच नाही असे मानावे लागेल. पुरावा मात्र उलटे सांगतो.

धरणातला गाळ आणि परदेशी बदके

पहिला पुरावा हतनूरचा. भुसावळ तालुक्यात तापीवर, पूर्णा येऊन मिळाल्यानंतरच्या टप्प्यात हे धरण उभे आहे. एक्केचाळीस दरवाज्यांचे हे धरण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले. शेतीइतकेच ते वीजकेंद्र, आयुध निर्माणी, रेल्वे आणि आसपासच्या शहरांच्या पाण्यासाठी बांधलेले आहे. पाणी खोल नाही आणि वऱ्हाडची काळी माती घेऊन येणारी पूर्णा दर पावसाळ्यात गाळ ओतत राहते. अभियंत्याच्या वहीत ही धरणाची खोट आहे, कारण साठा दरवर्षी घटतो. पण हिवाळ्यात पाणी उतरू लागले की हाच गाळ उघडा पडतो, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजतात आणि मध्य आशियातून येणाऱ्या पक्ष्यांना नेमके तेच हवे असते. मोठी लालसरी हे बदक इथे थव्यांनी उतरते. नराचे डोके शेंदरी-तांबूस आणि चोच लालभडक असल्यामुळे दुर्बिणीशिवायही तो ओळखू येतो. बुडालेल्या वनस्पती खाण्यासाठी त्याला फार खोल जावे लागत नाही, म्हणून काही हात खोलीचे पाणी त्याला पुरते. थापट्या आपल्या फावड्यासारख्या चोचीने चिखलपाणी गाळत पुढे सरकतो. काठाच्या चिखलात शेकाट्यांची आणि चिखल्यांची गर्दी असते, तर मधल्या मोकळ्या बेटांवर चक्रवाकाच्या जोड्या बसलेल्या असतात. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या भारतातल्या ठिकाणांच्या यादीत हतनूरचे नाव आहे आणि वरणगाव परिसरातले पक्षीमित्र वर्षानुवर्षे तिथल्या नोंदी ठेवत आले आहेत. यातले काहीही अभयारण्याच्या हद्दीत घडत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. धरण माणसाने बांधले, त्यासाठी गावे उठली, नदीचे वाहणे थांबले. अशा जागेला निसर्ग म्हणायचे का? आक्षेप पोकळ नाही. धरणाने नदीतले मासे, खालच्या अंगाचे डोह आणि वाळूचे पट्टे यांचे नुकसान होते, हे खरेच आहे. पण पक्ष्याला पाणी कोणी अडवले हे ठाऊक नसते. त्याला खोली, अन्न आणि निर्धोकपणा कळतो. शिवाय दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी मुळातच थोडी. इथले बहुतेक पाणपक्षी शतकानुशतके माणसाने बांधलेल्या तलावांवरच हिवाळा काढत आले आहेत. म्हणून हतनूर नैसर्गिक आहे की कृत्रिम, हा वाद बाजूला ठेवून त्याचे पाणी कोणत्या महिन्यात किती ठेवायचे, हा प्रश्न विचारायला हवा. डिसेंबरात पातळी एकाएकी खाली गेली किंवा काठावर मासेमारीच्या जाळ्यांची दाटी झाली, तर पक्षी त्या वर्षी दुसरीकडे जातील. हा निर्णय पाटबंधारे खात्याच्या हातात आहे, वनखात्याच्या नाही. रानाचे भवितव्य रानाबाहेर ठरते, हे खानदेशात वारंवार दिसते.

केळीच्या बागेतला वाघ

दुसरा पुरावा अधिक अवघड आहे. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा आणि वढोदा या भागात, पूर्णेच्या काठच्या शेतशिवारात वाघांचा वावर वारंवार नोंदला गेला आहे. हा वाघ सातपुड्याच्या मोठ्या पट्ट्यातला. पूर्वेला मेळघाट, मग बुलढाण्यातले अंबाबरवा, मग मुक्ताई-भवानी आणि पश्चिमेला यावल, अनेर असा हा सलग नसलेला, पण अजून पुरता तुटलेलाही नसलेला मार्ग आहे. या मार्गावरचा वाघ शेतात का थांबतो, हे केळीची बाग जवळून पाहिली की उमजते. मृगबाग असो की कांदेबाग, लागवड झाल्यावर काही महिन्यांत पाने एकमेकांत मिसळतात आणि खाली सतत सावली राहते. ठिबकच्या नळ्यांमुळे जमीन ओली असते. वाऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून बांधावर शेवरी किंवा उंच गवताची दाट ओळ लावलेली असते. तिच्यामुळे बाहेरून आतले दिसत नाही. बाहेर उघड्या शेतात आणि पानगळ झालेल्या जंगलात ऊन भाजत असताना या बागेत वाघाला दिवसभर आडोसा मिळतो. रानडुकरे केळीचे कंद उकरायला येतात, म्हणजे भक्ष्यही आयते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी देशभर जाते. तिच्याच बागा उन्हाळ्यात जंगलाची उणीव भरून काढतात.

इतिहासात मागे गेले तर हे नवे नाही, असे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी खानदेश लढाया, लूटमार आणि १८०३ च्या दुष्काळाने ओसाड झाला होता. गावे उठली, शेते झुडपांनी भरली आणि वाघ थेट खोऱ्याच्या मध्यापर्यंत आले. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसल्यावर खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघांच्या शिकारीत हजर होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. त्याआधी १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला वाघूर नदीच्या घळीत आला आणि त्याला समोरच्या कड्यात अजिंठ्याची लेणी दिसली. दोन्ही घटनांतून एकच गोष्ट निघते. शेती मागे हटली की वाघ पुढे आला, शेती वाढली तसा तो डोंगराकडे ढकलला गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस ठिबक आणि बोअरच्या पाण्यावर बागायत बारमाही झाली, तेव्हा शेतानेच त्याला पुन्हा आडोसा दिला. वाघाची हद्द दर पिढीत पाण्याने आणि पिकाने ठरली, सरकारी राजपत्राने फार क्वचित.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. बागेतला वाघ म्हणजे निसर्गाचा विजय नाही. जंगलात राहता येत नाही म्हणून आलेला तो विस्थापित आहे. आणि त्याच्या मुक्कामाची किंमत शेतकरी मोजतो. ही बाजू हलक्याने घेता येणार नाही. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणा खोऱ्यातल्या गावांत बिबट्याने एकामागून एक बळी घेतले आणि अखेर त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. रात्री पाण्याची पाळी आली की शेतकऱ्याला बॅटरी घेऊन बागेत जावेच लागते. वाघ दिसणे हा त्याच्या दृष्टीने पर्यटनाचा अनुभव नाही. डुकरांसाठी तारेत सोडलेल्या विजेने वाघ मेला तर गुन्हा त्याच्यावर, आणि डुकरांनी बाग उद्ध्वस्त केली तर भरपाईसाठी हेलपाटेही त्यालाच. पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? शेतातला प्राणी हद्दीबाहेरचा आहे, म्हणून तो आमचा प्रश्न नाही, असे म्हणत आल्यानेच त्रास वाढला. हद्दीबाहेरचे रान हेही रानच आहे असे धरले, तर त्यातून पुढची कामे आपोआप निघतात. शेतीसाठी दिवसा वीज, भरपाईचा वेगवान निकाल, बागांच्या पट्ट्यात गस्त आणि नाल्याकाठच्या झाडीचे संरक्षण ही ती कामे होत. वाघाला डोंगराकडे जायला नाला मोकळा ठेवला, तर त्याचा बागेतला मुक्काम कमी होण्याची आशा तरी धरता येते.

सापडलेला रानपिंगळा

तिसरा पुरावा एका घुबडाचा आहे आणि तो जगभर गाजलेला आहे. रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. पुढे १८८० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतले जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशाच्या पश्चिम भागातून त्याचे नमुने जमवले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ हा पक्षी कोणालाच खात्रीने दिसला नाही. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा असलेला रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांचा नमुना खोटा निघाला. संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. या खोट्या चिठ्ठीने शोध चुकीच्या जागी जात राहिला. ती लबाडी उघड झाल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी, बेन किंग व डेव्हिड ॲबट, डेव्हिडसनच्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. पुढच्या सर्वेक्षणांत तोरणमाळ, मेळघाट आणि यावलच्या जंगलांतही त्याच्या नोंदी झाल्या.

या पक्ष्याच्या सवयी या प्रकरणाच्या मुद्द्याला थेट लागू पडतात. घुबड म्हटले की घनदाट अरण्य आणि काळोखी रात्र डोळ्यांपुढे येते. रानपिंगळा दिवसाढवळ्या सागाच्या उघड्या फांदीवर बसून शेपटी हलवतो आणि सरडे, पाली, उंदीर टिपतो. त्याला विरळ, कोरडे सागवान आणि ढोलीसाठी जुनी झाडे लागतात. म्हणजे पर्यटकाला रूक्ष वाटणारे पायथ्याचे जंगल हेच त्याचे घर. याच पट्ट्यात पावरा, भिल्ल, तडवी समाजांची शेती आहे, अतिक्रमणाचे वाद आहेत, लाकडाची तोड आहे. हे सगळे असूनही पक्षी टिकला. पण ढोलीचे जुने झाड गेले की तो टिकणार नाही. दाट अरण्याच्या आदर्शावर नजर ठेवणाऱ्याला हे जंगल निकृष्ट वाटेल आणि तिथे नवी रोपे लावून हिरवे करण्याची इच्छा होईल. पण रानपिंगळ्याला अशा हिरवाईचा उपयोग नाही. त्याला जुने, पोकळ झाडच हवे.

डोंगराचे पाणी, मैदानाचा हिशेब

आता शेत आणि जंगल यांतला धागा जमिनीखालून पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या पट्ट्यात, डोंगरातून आलेल्या ओढ्यांनी टाकलेल्या जाड वाळू-गोट्यांचा थर आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर, अनेर अशा नद्यांचे पाणी या थरात शिरते, खाली मुरते आणि मैदानातल्या बोअरना पुरते. केळीचा सगळा डोलारा या मुरणाऱ्या पाण्यावर उभा आहे. उपसा इतका झाला की रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत गेले आणि बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावे लागले. म्हणूनच तापीच्या पुराचे पाणी या बझाड्यात मुरवण्याची महाकाय योजना पुढे आली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तिचा करार २०२५ मध्ये झाला. योजना पूर्ण होईल तेव्हा होईल. तोवर पावसाचे पाणी डोंगरावर थोपवून सावकाश खाली सोडण्याचे काम यावल-अनेरचे जंगल करत आहे. सुकीवरचे गारबर्डी धरण आणि शेजारचे पाल हे ठिकाण हिवाळी सहलीसाठी प्रसिद्ध आहे. पण पालच्या टेकड्यांवरची गवते आणि सालई उघडी पडली, तर त्याचा फटका पर्यटकाच्या आधी खालच्या बागायतदाराला बसेल. जंगल वाचवणे ही आदिवासी पाड्यांवर किंवा वनखात्यावर केलेली कृपा आहे, असे समजणाऱ्या मैदानी माणसाने आपल्या बोअरची खोली आठवावी.

शहरांच्या प्रेक्षणीय स्थळांकडे याच नजरेने पाहिले, तर ती सुटी सुटी राहत नाहीत. चांगदेवचे हेमाडपंती धाटणीचे मंदिर तापी-पूर्णेच्या संगमावर आहे आणि मुक्ताबाईंचे स्थान त्याच परिसरात. महाशिवरात्रीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, तेव्हा हतनूरच्या फुगवट्यावर हिवाळी पक्ष्यांचा मुक्काम अजून उठलेला नसतो. जळगाव शहर ज्या वाघूर धरणाचे पाणी पिते, त्या नदीचा उगमाकडचा भाग अजिंठ्याच्या लेण्यांतून दिसतो. शहराच्या पोटातला मेहरुण तलाव हा गणपती विसर्जनाचा, फिरायला जाण्याचा आणि हिवाळी पाणपक्ष्यांचाही आहे. शहराबाहेर जैन हिल्सच्या टेकड्यांवर पाणी अडवून झाडी वाढवलेली आहे. तिथेच २५ मार्च २०१२ रोजी गांधी तीर्थ खुले झाले. चाळीसगाव तितूर आणि डोंगरी या नद्यांवर वसले. त्यांपैकी डोंगरी पाटणादेवीच्या कड्यांतून येते. तिथे चंडिकादेवीचे जुने देऊळ आहे, वर केदारकुंडाचा धबधबा आहे, जवळच इसवी सनापूर्वीची पितळखोऱ्याची लेणी आहेत. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ काढला, त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. ज्या रानात आज बिबट्या फिरतो, तिथे आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवले जात होते. गणित आणि बिबट्या यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे कड्याखालचे न आटणारे पाणी. अमळनेरला सखाराम महाराजांची समाधी बोरी नदीच्या पात्रातच आहे, आणि वैशाखातला उत्सव भर उन्हाळ्यात त्याच वाळवंटात भरतो.

धुळे या बाबतीत सर्वांत बोलके शहर आहे. पांझरा नदी त्याच्या मधून वाहते. देवपूरला काठावर एकवीरा देवी आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस इथेच निधन झाले आणि त्यांच्या नावाने १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभे राहिले. रामदासी बाडांचा संग्रह असलेले समर्थ वाग्देवता मंदिरही इथलेच, आणि १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली तो तुरुंगही. शहरालगत लळिंगचा किल्ला आणि कुरण आहे. कुरणातल्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये मुक्कामी होते, म्हणून ३१ जुलैला तिथे गर्दी लोटते. पण धुळे परिसराचे सर्वांत मोठे प्रेक्षणीय काम कुठल्याही यादीत नसते. ते आहे पांझरेवरची फड पद्धत. किमान तीनशे वर्षांपासून इथले गावकरी नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढतात. त्याखालच्या जमिनीचे फड पाडतात, एका फडात एकच पीक घेतात आणि पाळीने पाणी देतात. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. त्यांचे मानधनही गावच देते. उरलेले पाणी सांडव्यातून परत नदीत जाते. १८८४ मध्ये तरुण विश्वेश्वरय्या धुळ्यात सहायक अभियंता म्हणून आले. साक्री तालुक्यात दातर्तीला नाल्याखालून पाणी नेणारा सायफन त्यांनी बांधला. त्यांनी जोड दिली ती या जुन्या पाटांच्या प्रदेशाला. फडाच्या बंधाऱ्यामागे साठणाऱ्या डोहावर बगळे, पाणकावळे, खंड्या टिकतात, पाटाच्या कडेला झाडे वाढतात आणि कोरड्या माळाला हिरवी रेघ मिळते. वन्यजीवांसाठी म्हणून कोणीही न बांधलेली ही व्यवस्था त्यांना जागा देत राहिली. वरच्या अंगाला मोठी धरणे झाली आणि विहिरी-बोअर वाढले, तसे अनेक बंधारे कोरडे पडले. डोह गेले, त्यांच्यासोबत पक्षीही गेले.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे लोकांना सांगितले तर गर्दी होईल, प्लॅस्टिक येईल, डीजे वाजतील, आणि जे उरले आहे तेही जाईल. भीती रास्त आहे. गर्दीच्या दिवसांत धबधब्याखाली काय उरते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही धबधब्यावर पाहता येते. मात्र गर्दी एकाच ठिकाणी लोटते, याचे कारण याद्या छोट्या असतात. चार ठिकाणांऐवजी चार नद्या दाखवल्या, तर भार विभागतो. पूर्णा आणि हतनूर डिसेंबर ते फेब्रुवारी पाहण्यासारखे, पाटणादेवी श्रावणात, पाल आणि सुकीकाठ थंडीत, पांझरेचे बंधारे पावसाळा सरताना. उन्हाळ्यात प्राण्यांना पाणवठ्यावर एकटे सोडावे आणि माणसाने राजवाडे मंडळाच्या दगडी थंडाव्यात कागदपत्रे पाहावीत. शिवाय गर्दीपेक्षा मोठे नुकसान दुर्लक्षाने होते. गिरणेतला वाळूउपसा, मेहरुणमध्ये जाणारे सांडपाणी, पांझरेच्या पात्रातला भराव यांच्याविरुद्ध बोलायला ज्याने ती नदी पाहिली आहे असा माणूस लागतो.

या युक्तिवादाचा निष्कर्ष व्यवहाराचा आहे. खानदेशाच्या वन्यजीवांविषयीचे निर्णय आज वनखाते साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी जागेवर घेते, आणि उरलेल्या जागेवर ते निर्णय नकळत घेतले जातात. पाटबंधारे खाते पाण्याची पातळी ठरवताना, महावितरण शेतीच्या विजेच्या वेळा लावताना, महापालिका नाले बांधताना आणि शेतकरी बांधावरची शेवरी काढताना ते घेतात. हे निर्णय जाणून घ्यायचे तर जिल्हा हे माप अपुरे आहे, कारण गिरणा नाशिकमधून येते, वाघूर छत्रपती संभाजीनगरमधून आणि पूर्णा वऱ्हाडातून. माप नदीखोऱ्याचे हवे. प्रत्येक उपनदीसाठी जंगल, धरण, शेती आणि शहर यांचा एकत्र आराखडा व्हावा. हतनूरच्या हिवाळी पातळीवर पक्षीमित्रांचे मत घेतले जावे, यावलच्या वनव्यवस्थापनात रावेरच्या बागायतदाराचा वाटा असावा, पांझरेच्या उरलेल्या फडांना पाण्याचा हक्क लेखी मिळावा. तापी खोऱ्यातल्या माणसांना ही गोष्ट पचायला अवघड नाही. फडाच्या बंधाऱ्यावर पाणी वाटून घेण्याची शिस्त त्यांनी स्वतःच घालून दिली होती. आता त्या पाळीत रानातल्या हिस्सेदारांचीही नोंद करायची आहे.